किल्ली माझ्याकडं होती

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, दुकानात शेजारच्या मशीनवर बसणाऱ्या रुक्सानालासुद्धा नाही — आणि तिच्यापासून मी सहसा काही लपवत नाही. तुम्ही ऐका. फक्त मध्ये बोलू नका, नाहीतर मी थांबेन.

परंड्यात माझं शिवणाचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा मी मोबाईलवर गेम खेळते. हसलात? हसा. चाळिशीची बाई, गळ्यात टेप आणि हातात तलवार! आपण एक रूप घ्यायचं आणि कुठल्या कुठल्या माणसांबरोबर त्या जगात राहायचं, असले हे गेम. मी दोन खेळले. ब्लाउज टाकायला येणाऱ्या कॉलेजच्या पोरी विचारतात, मावशी, दोन्हीतला भारी कुठला? मी म्हणते, नवा. पटकन म्हणते. विचार करायला लागले तर जीभ अडखळेल ना.

नव्यात सगळं झटपट. बोट लावलं की घोडा आपला आपण पळतो. काही हरवत नाही, काही मोडत नाही. जुना लई हळू — चालत जायचं, वाटेत भेटेल त्याच्याशी बोलायचं. पण जुन्यात घर बांधता यायचं. अट एकच. एकवीस दिवस दाराला हात लागला नाही तर घर मोडायचं आणि जागा दुसऱ्याला जायची. आपल्याला जमणार नसेल तर किल्ली दुसऱ्या कुणाला द्यायची, त्यानं हात लावला तरी चालायचं.

अक्का माझी थोरली बहीण, नळदुर्गला दिलेली. जिल्हा एकच, पण वर्षातून दोनदा भेट झाली तरी खूप. म्हणून मीच तिला जुना गेम शिकवला. रोज दुपारी आम्ही तिथं भेटायचो. माझ्या घराला लागून तिनं घर बांधलं, सहा महिने खपली त्याच्यामागं. दारात डाळिंब लावलं. मला म्हणाली, "माहेर भावाचं, सासर सासूचं. हे तेवढं माझं हाय बघ."

मग सोलापूरला तिच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. महिनाभर मोबाईल बघायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. आदल्या दिवशी माझ्या अंगणात येऊन तिनं मला किल्ली दिली. माझी तिच्याकडं आधीपासून होतीच. आठवड्यातून एकदा हात लाव म्हणाली. दोन मिनिटांचं काम.

दोन मिनिटं! ती काय मला मिळाली नसती? पण त्याच आठवड्यात मी नव्या गेममध्ये शिरले होते. तिथं मी टोळीची मुख्य झाले. वीस माणसं माझ्या एका शब्दासाठी थांबायची — घरात माझ्यासाठी कधी कुणी जेवायचं थांबलं होतं? उद्या जाऊ, उद्या जाऊ करत राहिले. विसरले म्हणू का? नाही. रोज आठवत होतं. रोज टाळलं.

शेवटी जुन्यात गेले तेव्हा तिची जागा मोकळी होती. डाळिंबही नव्हतं. मी तशीच मागं फिरले, माझ्या दाराकडं बघितलंसुद्धा नाही.

चार दिवसांनी तिला बघायला नळदुर्गला गेले. काळा चष्मा लावून बसली होती. पाणीसुद्धा दिलं नव्हतं अजून, आणि विचारलं काय? घराचं. मी — मी म्हणाले, जुना गेमच बंद पडला अक्का, सगळ्यांचीच घरं गेली. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "तुझं बी गेलं का गं? अगं बया, किती हौसेनं बांधलं हुतंस." मीच तिच्या फोनमधला जुना काढला आणि नवा घालून दिला. तिला अजून नीट दिसत नव्हतं, म्हणून तर जमलं.

परत येताना बसमध्ये डोक्यात आलं — महिना होत आला, मी तर माझ्याही दाराला हात लावला नव्हता. मग माझंही गेलं असणार. जुना उघडला. माझं घर जागेवर होतं. दारावर शेवटचा हात कुणाचा ते लिहून येतं. अक्काचा होता, ऑपरेशननंतर बाराव्या दिवशीचा. खाली चिठ्ठी. "एका डोळ्यानं आले. तुझं दार बरेच दिवस बंद दिसलं म्हणून हात लावला. माझं तू बघतीयसच. हे आले, फोन ठेवते."

पदर तोंडात धरून रडले. शेजारची बाई विचारत होती, कोण गेलं ओ?

याला तीन वर्षं झाली. मी अजून तीन आठवड्यांच्या आत गुपचूप जुन्यात जाते, माझ्या दाराला हात लावते, चिठ्ठी वाचते. अक्का रोज दुपारी नव्यात येते. तिला लढाई जमत नाही, नुसती माझ्या मागं मागं येते. मध्येच लिहिते, "इथं घर न्हाय का गं बांधता येत?" मी लिहिते, न्हाय अक्का.

काल तिनं लिहिलं, "माझ्यापरीस तुझ्याच घराचं लई वाईट वाटतं बघ."

मी नुसतं व्हय लिहिलं आणि घोडा पुढं काढला.