कुलपातली कुंभारीण

आमच्या घरात किडा-मुंगी मारायला बंदी आहे. ही बंदी मी घातली, आणि तिचा त्रास बाकीच्यांनी सोसला.

झालं असं, की वर्षावास सुरू झाला त्या पौर्णिमेला विहारात भंतेजींचं प्रवचन होतं. विषय पहिल्या शीलाचा, म्हणजे जीवहत्या करू नये. शेवटी त्यांनी सहज विचारलं, "हे तीन महिने कोण कोण मनापासून पाळून पाहील?" शहाणे लोक विचार करत बसले. मी यवतमाळातल्या एका शाळेत मराठी शिकवतो. समोर माइक दिसला की माझे पाय आपोआप चालायला लागतात. मी उठलो, माइक हातात घेतला आणि जाहीर केलं, "मी आणि माझं संपूर्ण कुटुंब या तीन महिन्यांत एकही जीव मारणार नाही! मग तो डास का असेना!"

टाळ्या पडल्या. माझ्या कुटुंबाला ही बातमी तिथेच कळली. माझी बायको कुंदा तिसऱ्या रांगेत बसली होती. शिट्टी न होणाऱ्या कुकरकडे ती जशी बघते, तशी माझ्याकडे बघत होती.

त्या दिवसापासून घर बदललं. झुरळ दिसलं की ते सुपलीत घेऊन अंगणात सोडायचं. (ते आमच्या आधी स्वयंपाकघरात परत यायचं.) भेंडीत अळी निघाली की ती वाटीत घालून शेजारच्या जास्वंदीवर नेऊन ठेवायची. पंधरा दिवसांत जास्वंदीला पान उरलं नाही आणि शेजाऱ्यांनी आमच्याशी बोलणं सोडलं. गव्हात सोंडे झाले तर गहू गच्चीवर उन्हात पसरायचा आणि सोंड्यांना आपल्या पायांनी जाऊ द्यायचं. ही सगळी कामं कुंदा करायची. ती अंगणवाडी सेविका, दिवसभर पंचवीस लेकरं सांभाळून यायची आणि मग सोंडे सांभाळायची. माझ्याकडे तत्त्वज्ञानाचं खातं होतं.

एकदा कुंदाचा भाऊ देवराव बाभुळगावहून आला. त्याची कापसाची शेती. जेवता जेवता त्याने दंडावर बसलेला डास चापट मारून संपवला. मी घास खाली ठेवला आणि त्याला अर्धा तास ऐकवलं. बिचारा भात थंड होईपर्यंत मान खाली घालून बसला. शेवटी हळूच म्हणाला, "भाऊजी, वावरात मी हजारो अळ्या मारतो. त्याचं काय करू?"

"ते तुझं तू बघ," मी म्हणालो. "माझ्या घरात नाही!"

आता मूळ गोष्टीकडे येतो.

आमची मुलगी प्रज्ञा आरोग्यसेविकेच्या परीक्षेत पास झाली. दोन वर्षं तिने घासून अभ्यास केला होता. कागदपत्रांची पडताळणी गुरुवारी सकाळी अकराला होती. सगळी मूळ प्रमाणपत्रं घेऊन हजर राहा, नाहीतर पुढच्या उमेदवाराला बोलावू, असं पत्रात स्पष्ट लिहिलेलं. प्रमाणपत्रं आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात होती. बुधवारी दुपारी कुंदा अंगणवाडीच्या मीटिंगला गेलेली. मी जानव्यासारखी कमरेला बांधलेली किल्ली... चुकलो, जानव्याचा आमचा काय संबंध! करगोट्याला बांधलेली किल्ली सोडली आणि ऐटीत कपाटाशी गेलो.

किल्ली आत जाईना.

उलटी करून पाहिली. फुंकर मारली. किल्लीला गोडेतेल लावलं. मग प्रज्ञाने मोबाईलचा टॉर्च लावून भोकात पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, आत माती हाय."

"माती? कपाटाच्या कुलपात?"

तेवढ्यात खिडकीतून गुणगुणत एक पाहुणी आली. बारीक कंबर, काळा-पिवळा अंगरखा, पायांत धरलेली एक हिरवी अळी. ती माझ्या नाकासमोरून सरळ कुलपाकडे गेली, अळी आत कोंबली, आणि आल्या वाटेने निघून गेली. आमच्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

कुंभारीण माशी! कुलपाच्या भोकात तिने मातीचं घर बांधलं होतं.

"मंग काय, किल्ली दाबून घालू का जोरानं?" प्रज्ञाने विचारलं.

"थांब!" मी ओरडलो. "आत तिचं अंडं असेल. किल्ली घातली की चेंदामेंदा!"

प्रज्ञाने किल्ली माझ्या हातात दिली. ती माझ्यासारखी नाही. विहारात टाळ्या पडल्या तेव्हा तिने एकही वाजवली नव्हती, पण गेले दोन महिने तिने अंगावरचा एकेक डास फुंकर मारून उडवला होता. शांतपणे म्हणाली, "बाबा, नियम तुमचा हाय. तुमी ठरवा. मी नाही म्हणणार नाही, अन् हो बी म्हणणार नाही."

एवढं बोलून ती पलंगावर बसली आणि नखं खाऊ लागली. दहावीपासून तिने नखं खाल्ली नव्हती.

खरं सांगतो, त्या क्षणी मला फार वाईट वाटलं. एकीकडे पोरीची दोन वर्षं, दुसरीकडे राईएवढं अंडं. कुणीही हसून किल्ली घातली असती. पण देवरावचा तो थंड झालेला भात डोळ्यांसमोर येत होता. आपण दुसऱ्याला अर्धा तास ऐकवलेलं असलं, की आपल्याला पाच मिनिटांत मोकळं होता येत नाही.

"आईले फोन लावू का?" प्रज्ञा म्हणाली.

"आईला कशाला? ती मीटिंगमध्ये आहे. हे पुरुषांचं काम आहे. देवरावला बोलाव."

देवराव तासाभरात मोटरसायकलवर आला. येताना पाना, पेचकस आणि एक हातोडी घेऊन आला. त्याने कुलूप पाहिलं. तेवढ्यात कुंभारीण दुसरी अळी घेऊन आली. देवरावचे डोळे चमकले.

"अरे बापरे! भाऊजी, ही तं माह्या कपाशीत पायजे होती!"

"विनोद नको. उपाय सांग."

"उपाय राहू द्या, पयले हे सांगा," तो मांडी घालून खाली बसला. अर्ध्या तासाची परतफेड करायची संधी त्याला मिळाली होती. "ही बाई अळीले डंख मारते, पण मारून टाकत नाही. गुंगी आणते. मंग आत भरून ठेवते. अंड्यातून तिचं पोर निघालं का थे या अळ्या जित्त्या खाते. म्हंजे तुमच्या कुलपात हत्या होणारच हाय. आता तुमी सांगा, तिचं घर मोडलं तं पाप, का नाही मोडलं तं पाप?"

मी कपाटाकडे पाहिलं. आत किती अळ्या असतील? चार? सहा? एका अंड्यासाठी सहा अळ्यांचा जीव जाऊ द्यायचा? का अळ्यांसाठी अंडं...? पंचवीस वर्षं मी मुलांना निबंधाचे विषय दिले, पण इतका वाईट विषय मी कुणालाच दिला नव्हता.

"भंतेजींना विचारू," मी म्हणालो आणि फोन लावला. सगळी हकीकत सांगितली: अंडं, अळ्या, नोकरी, किल्ली, गोडेतेल. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "उपासक, तुम्हाला जीव वाचवायचा आहे की तुमचा शब्द?"

मी गडबडलो. "दोन्ही, भंतेजी."

"मग जरा कठीण आहे," ते म्हणाले. "पोरीचंही बघा." आणि फोन ठेवला.

फोन स्पीकरवर होता. प्रज्ञा आणि देवराव दोघेही छताकडे बघत होते. मला काहीतरी करून दाखवणं भाग होतं.

"कपाट मागून उघडू!" मी घोषणा केली. "पाठीचा पत्रा काढायचा. कुलपाला हातच लावायचा नाही!"

"भाऊजी, पत्रा वेल्डिंगचा असते."

"आधी ओढ!"

आम्ही कपाट ओढलं. ते हललं नाही. कपाटात आमच्या लग्नातली भांडी, तीन गाद्यांच्या खोळी आणि माझ्या निबंधांच्या वह्या होत्या. देवरावने एक बाजू धरली, मी दुसरी. "जोर लावा!" म्हटलं आणि कपाट एकदम वीतभर पुढे आलं. त्याबरोबर मागच्या अंधारातून झुरळं बाहेर पडली. मी गेले दोन महिने अंगणात सोडलेली सगळी मंडळी तिथे संसार थाटून होती! ती आमच्या पायांतून, देवरावच्या पँटमधून, चारी दिशांना पळाली.

"व माय! अंगावर आली!" देवराव नाचायला लागला.

"पाय टाकू नको! मरतील!" मी किंचाळलो.

"मंग पाय कुठी ठेवू? डोक्यावर?"

तो नाचत होता आणि प्रत्येक ठेक्याला खालून चर्र आवाज येत होता. नाचता नाचता त्याचा हात सुटला, कपाटाखालची वीट निसटली, आणि कपाटाचा पाय माझ्या पायावर येऊन बसला. उजवा अंगठा! मी जी बोंब मारली, तिच्यात शुद्ध मराठीचा अंश नव्हता.

"मेलो रे बावा! काढ ना लवकर! काहून पाहून राह्यला!"

त्याच वेळी दारात कुंदा उभी राहिली. खांद्याला पिशवी, कपाळाला घाम. तिने चित्र पाहिलं: कपाट तिरपं, नवरा कपाटाखाली, भाऊ पलंगावर चढलेला, पोरगी रडवेली, जमिनीवर सात-आठ झुरळं धारातीर्थी पडलेली.

"काय करून राह्यले तुमी?"

प्रज्ञाने तिला सगळं सांगितलं. कुंदाने पिशवी खुंटीला अडकवली. आधी दोघींनी मिळून कपाटाचा कोपरा उचलला आणि माझा पाय सोडवला. मग कुंदाने कपाटाच्या खालच्या कोपऱ्याला टाचेने एक दणका दिला, हँडल वर करून ओढलं, आणि दार उघडलं.

उघडलं! किल्लीशिवाय!

आम्ही तिघं बघत राहिलो. तिने आतून फाईल काढली, प्रमाणपत्रं मोजली आणि प्रज्ञाच्या हातात दिली. प्रज्ञा तिच्या गळ्यात पडून रडली.

"हे कुलूप धा वर्सापासून झिजलेलं हाय," कुंदा म्हणाली. "किल्ली लागतेच कुठी याले?"

"मग मला कधी सांगितलं का नाहीस?" मी अंगठा धरून विचारलं.

"तुमी इचारलं कवा? तुमी कपाट उघडलंच कवा?"

कुंभारीण तिसरी अळी घेऊन आली, उघड्या दाराभोवती एक फेरी मारली, कुलूप जिथल्या तिथे आहे याची खात्री केली आणि कामाला लागली. तिने घराचं तोंड मातीने लिंपून टाकल्यावर पुढचे काही आठवडे कुंदा कपाट टाचेने उघडत राहिली. एक दिवस मातीला बारीक भोक दिसलं. पोर उडून गेलं होतं. देवराव म्हणाला, "भाऊजी, एक वाचला अन् आठ मेले. पण झुरळाचं पाप माह्या खात्यात लिवा." माझा अंगठा तोवर निळ्याचा हिरवा झाला होता.

प्रज्ञाची पडताळणी व्यवस्थित पार पडली. तिला नोकरी लागली, आणि पहिलीच नेमणूक आमच्याच भागात मिळाली. पहिलं काम काय, तर घरोघरी जाऊन साठलेलं पाणी तपासायचं आणि डासांच्या अळ्या दिसल्या की पाणी ओतून द्यायचं. सुरुवात आमच्याच घरापासून.

ती गणवेशात दारात आली, हातात फॉर्म. कूलरमध्ये वाकून पाहिलं. पाण्यात अळ्या वळवळत होत्या.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "मले बी वाईट वाटते. पण मागच्या गल्लीत दोन लेकरं तापानं फणफणली हायेत. ओतू?"

भाषण ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. "ओत," म्हटलं. आणि कूलर धरायला तिच्यासोबत वाकलो. वाईट दोघांनाही वाटलं, पण पाणी आम्ही दोघांनी मिळून उन्हात ओतलं. इतक्या महिन्यांत या विषयावर मी स्वतःच्या हाताने केलेलं हे पहिलंच काम.

मग ती फॉर्म भरायला बसली. मीही समोर खुर्ची ओढून बसलो. एक रकाना होता, "कुटुंबातील जबाबदार व्यक्तीचे नाव". मी घसा खाकरला, शर्टाची कॉलर नीट केली आणि माझं पूर्ण नाव सावकाश, शुद्धलेखनासकट सांगायला सुरुवात केली.

पण प्रज्ञाने मान वर न करता आईचं नाव लिहून केव्हाच पान उलटलं होतं.