शेजारची कबर

आमच्याकडे ईस्टरच्या आदल्या दिवशी कबरी रंगवतात. पहाटेची उपासना दफनभूमीतच होते, आणि सगळी मंडळी जमणार म्हटल्यावर आपल्या माणसाची कबर कळकट राहिलेली कुणालाच खपत नाही. आम्ही मूळचे नगरकडचे, त्यामुळे इथं आमचं कुणी पुरलेलं नव्हतं. इतकी वर्षं नुसत्या मेणबत्त्या घेऊन जायचो. गेल्या वर्षी पहिल्यांदाच रंगवायला आमची स्वतःची कबर होती. पप्पांची.

आईनं ती पाहिलीच नव्हती. पप्पा गेले तेव्हा ती खुब्याचं हाड मोडून दवाखान्यात पडलेली. त्यांचं शेवटचं दर्शनही तिला मी फोनवर घडवलं. त्याचा मला अजून राग येतो. कुणाचा म्हणाल तर देवाचाच. पाळकसाहेब पुनरुत्थानावर बोलू लागले की मी हाताची घडी घालून बसायचे. आई मात्र आठ महिने वॉकर धरून कासारवाडीच्या आमच्या दोन खोल्यांत येरझाऱ्या घालत होती. ईस्टरच्या पहाटे कबरीपाशी स्वतःच्या पायांनी जायचं, एवढा एकच ध्यास तिनं घेतला होता.

शनिवारी महाळुंग्याच्या कंपनीतून फर्स्ट शिफ्ट सुटली तशी मी रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन दफनभूमी गाठली. पप्पांची कबर पक्की बांधायची राहिली होती. कडेनं विटा लावलेला मातीचा उंचवटा आणि डोक्याशी त्यांचं नाव लिहिलेला लाकडी क्रूस, एवढंच. तो क्रूस पावसात उन्मळून गवतात पडला होता. पण कडुनिंबापासून तिसरी कबर, हे मला पक्कं आठवत होतं. गवत काढलं, एकेक वीट पांढरी केली. लांबून बघितलं तर इतकी छान दिसत होती की स्वतःचंच कौतुक वाटलं.

तेवढ्यात तिथले म्हातारे राखणदार आले. "ताई, ही कुणाची रंगवली? तुमची पलीकडची हाय."

"असं कसं? तिसरीच आहे ना?"

"चौथी हाय. मीच खांदलीय, मला म्हाईत न्हाई व्हय?"

मी पलीकडे पाहिलं. गुडघाभर गवत. डबा रिकामा झालेला, पाठ मोडून आलेली, दिवस मावळायला टेकलेला. मी क्रूस उचलला आणि त्या रंगवलेल्या कबरीच्याच डोक्याशी घट्ट रोवला. राखणदार बघत राहिले.

कंपनीत मी क्वालिटीला आहे. एका पार्टचा टॅग दुसऱ्याला लागलेला सापडला तर मी अख्खा लॉट अडवते, समोरच्याला रडकुंडीला आणते. आणि इथं बापाच्या नावाचा टॅग परक्या माणसाला लावून खुशाल घरी आले. आईला काय कळणार आहे, असं म्हणत जेवले आणि झोपलेसुद्धा.

पहाटे रिक्षातून उतरल्यावर आईनं माझा हात झिडकारला. पांढरी साडी, हातात वॉकर, वॉकरला अडकवलेली मोगऱ्याची पिशवी. त्या खडबडीत वाटेवरून ती एकेक पाऊल टाकत त्या कबरीपाशी गेली आणि वाकून विटांवरून हात फिरवला. "किती छान केलंस गं," ती मला म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग ती कबरीशी बोलू लागली. "अहो, मी आले. उशीर झाला, रागावू नका. शेवटी तुम्ही सारखं मला हाक मारत होता म्हणे. मला उठताच येत नव्हतं हो."

हे आठ महिने साठवलेलं बोलणं होतं आणि ते एका अनोळखी माणसापुढं चाललं होतं. मला ते सहन होईना.

"आई, थांब. हे पप्पा नाहीत."

सगळं सांगून टाकलं. आता ती कोसळणार किंवा चार लोकांत माझ्या थोबाडीत मारणार, असं वाटलं. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"गधडे, पहिल्या ईस्टरच्या सकाळी कबरीपाशी रडत उभ्या मरियेनं प्रत्यक्ष उठलेल्या प्रभूला माळी समजलं. तो समोर उभा असताना. तू तर नुसती कबर चुकलीस."

"चुकले नाही गं. माहीत असून खोटं केलं."

"त्याचं घरी गेल्यावर बघते." मग तिनं कबरीकडे पाहिलं. "ह्यांचं कोण येत नाही वाटतं?"

तिनं ओंजळीनं मोगरा दोघांत वाटला. निम्मा तिथंच वाहिला, एक मेणबत्ती लावली. मी क्रूस उपटून शेजारी नेला. डॉक्टरांनी सक्त मनाई केली असताना आई त्या गवतात खाली मांडी घालून बसली आणि पहिल्यापासून बोलू लागली. "अहो, मी आले."

मोकळ्या जागेत पाळकसाहेबांनी आवाज दिला, "प्रभू उठला आहे!" सगळ्यांनी उत्तर दिलं, "खरोखर उठला आहे!" आईचा आवाज सगळ्यांत मोठा होता. मी खाली मान घालून गवत उपटत होते.

"उद्या सुट्टी टाकून रंगवून जाईन," मी म्हणाले.

"रंगव. पण कबरीतून उठायच्या दिवशी ते तुला विचारणार आहेत हं. शेजाऱ्याला रंग आणि मला गवत? काय सांगायचं ते ठरवून ठेव."

हे ती चेष्टेनं म्हणत नव्हती. पप्पा सेकंड शिफ्टहून घरी यायचे आहेत, तेव्हा विचारतील, अशा सुरात म्हणाली. आणि मला ते दिसले. चष्मा कपाळावर सरकवलेला, हसू दाबून धरलेलं, माझ्या उत्तराची वाट बघणारे. गवत उपटता उपटता मी ते उत्तर जुळवू लागले, आणि मला हुंदका फुटला. कारण ते विचारतील, असं मला खरंच वाटत होतं.