नखं तपासली, टेबल नाही

मालन घाडीचा खरा राग मी पाहिला तो २०१० साली, आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये. अकरा बायका हात पुढे करून ओळीत उभ्या होत्या आणि कंपनीचे दोन साहेब त्यांची नखं तपासत होते. मालन छप्पन्न वर्षांची. तिलाही शाळेतल्या पोरीसारखे हात उलटे-पालटे करून दाखवायला लावलं. प्रशासन विभागातर्फे मी, मृणालिनी, टिपणं घेत होते.

मालन कणकवलीकडून लग्न होऊन लालबागला आली. नवरा कुशाबा गिरणीत साचेखात्यात, मागावर. एका खोलीच्या संसारात तिने खानावळ घातली. गावाकडचे चौदा कामगार तिच्याकडे जेवायचे. मासे कापायची फळी ती रोज राखेने घासायची आणि वरून उकळतं पाणी ओतायची. ब्याऐंशीच्या संपात माणसं गावी निघून गेली, खानावळ बसली. कुशाबाला गिरणीने परत घेतलं नाही. नऊ वर्षं तो गॅलरीत बसून राहिला आणि तसाच गेला. पुढे गिरणी पाडून तिथे टॉवर उभा राहिला, त्यात आमचं ऑफिस आलं, आणि नवऱ्याच्या गिरणीच्या जागेवर मालन भाजी चिरायला लागली.

कँटीनचा ठेकेदार शरच्चंद्र. त्याने कापाकापीची नवी टेबलं आणली, वरून जंतुनाशक लेप दिलेली.

"चांदीचे कण आहेत यात," तो बायकांना म्हणाला. "जंतू बसला की मेला. आता घासायचं नाही, ओलं फडकं मारायचं."

"आणि चिकट? तेल, रक्त? ता कोण काढतला, तुमची चांदी?" मालनने विचारलं.

"मावशी, हे सायन्स आहे."

आठवड्याभरात गरम पाण्याचा गीझर काढला आणि धुणाऱ्या दोन बायकांना घरी पाठवलं. टेबलांच्या खरेदीच्या कागदावर सही माझी होती. मालन माझ्याकडे तक्रार घेऊन आली. "बाई, त्याच टेबलावर कोंबडी, त्याच टेबलावर काकडी. माका ह्या पटत नाय." मी म्हटलं, बघते. बघितलं नाही.

महिन्याने एका दुपारी कँटीनमध्ये जेवलेली चाळीस माणसं उलट्या करत घरी गेली. सुभद्रा नावाची पंचविशीतली बाई मालनच्या शेजारी काम करायची, तिने उरलेली कोशिंबीर खाल्ली होती. ती अकरा दिवस हॉस्पिटलात होती, पैकी तीन दिवस शुद्धीवर नव्हती. शरच्चंद्रने लिहून दिलं, बायकांचे हात अस्वच्छ होते. म्हणून ती नखांची तपासणी.

साहेब मालनपाशी आले. तिने हात दाखवले. मग तेच हात कमरेवर ठेवले.

"माझी नखं बघितलीत. आता टेबल बघा."

"टेबलाला लेप आहे," एक साहेब म्हणाले.

तिने सुरी उचलली आणि पाठीच्या बाजूने टेबल खरवडलं. करड्या रंगाचा ओशट थर पात्यावर जमा झाला. तिने तो साहेबांच्या नाकाखाली धरला. "घ्या वास. तुमची चांदी ह्याच्या खाली गाडलीय. जंतू वर बसून जेवतायत." मग माझ्याकडे वळली. "टेबलाबरोबर कागद आला होता इंग्रजी. तो तुमच्याकडेच असेल. वाचा सगळ्यांना."

कागद माझ्याच फायलीत होता. मी तो पहिल्यांदा तिथे उभ्याने वाचला. शेवटी बारीक अक्षरात लिहिलं होतं: हा लेप धुण्याला पर्याय नाही; रोज साबण व गरम पाण्याने पृष्ठभाग धुवावा; सुरीचे चरे पडल्यास वापर थांबवावा. टेबलावर चऱ्यांचं जाळं होतं. मी हळू आवाजात वाचत होते. मालन ओरडली, "मोठ्याने!"

साहेबांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, झालं गेलं विसरा, उद्यापासून कामाला या. तिने नकार दिला. बायकांचे हात स्वच्छ होते असं लिहून भिंतीवर लावा, सुभद्राचा सगळा इलाज करा, गरम पाणी आणि काढलेल्या दोघी परत आणा, तोवर एकही बाई आत येणार नाही.

"मावशी, संपाने काय होतं तुम्हाला माहीत आहे," साहेब समजुतीने म्हणाले.

तिचा चेहरा लाल झाला. "संप म्हणजे काय ता माका सांगू नकात! माझ्या नवऱ्याची गिरणी होती ही. तुम्ही उभे आहात ना, हयसरच."

चार दिवस बायका गेटबाहेर बसल्या. पाचव्या दिवशी बायकांचे हात स्वच्छ असल्याचा कागद भिंतीवर लागला. शरच्चंद्रचा ठेका गेला, गीझर आला, दोघी परत आल्या. सुभद्रा वाचली, पण तिची तब्येत पूर्वीसारखी झाली नाही. माझ्यावर काहीच कारवाई झाली नाही, आणि ती का झाली नाही हे मालनने मला तोंडावर विचारलं.

दोन महिन्यांनी कळलं, शरच्चंद्रने वरळीच्या एका ऑफिसात तसलीच टेबलं बसवली आहेत. मी त्यांना पत्र पाठवते म्हटलं.

"पत्र कसलं पाठवतेस?" पहिल्यांदाच ती माझ्याशी एकेरीत बोलली. "चप्पल घाल."

दुपारी आम्ही तिथल्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने आत गेलो. मालनने कुणाला नमस्कार केला नाही. टेबल खरवडून तिथल्या बायकांना पातं दाखवलं आणि मला तो कागद मराठीत वाचायला लावला. मुकादमाने आम्हाला हाकललं. दुसऱ्या दिवसापासून त्या बायका शेगडीवर पाणी तापवून टेबलं घासू लागल्या. मुकादम ओरडत राहिला, त्यांनी ऐकलं नाही.