कुंकू लावलेली फ्लॉपी

धुळ्याला माझ्या मामांची छापखान्याची गादी होती आणि जळगावला माझा परदेशी कम्प्युटर. अख्ख्या खानदेशात तसा दुसरा नव्हता, निदान मी तसं सांगत असे. मामांनीही ईर्ष्येनं एक साधा पीसी प्रिंटरसकट आणून ठेवला होता आणि त्यावर विणलेलं झाकण घातलं होतं. ते झाकण नव्वदीच्या सुरुवातीच्या त्या वर्षांत सहसा निघत नसे.

मामेबहिणीचं लग्न ठरलं. दोंडाईच्याचे व्याही म्हणाले, "आमच्यात कम्प्युटरची पत्रिका लागते. शिशाचे खिळे जुळवून छापणार असाल तर राहू द्या, आम्ही सुरतेहून छापून आणू." छापखानेवाल्याच्या मुलीची पत्रिका सुरतेहून! मामांचं नाक तिथंच अर्धं कापलं गेलं. शुक्रवारी सकाळी व्याही येणार, पहिली पत्रिका कुलदेवीपुढे ठेवणार, असं ठरलं.

मी मदतीला सरसावलो. चित्रं काढायचं जे सॉफ्टवेअर माझ्याकडे, तेच मामांकडे. खोक्यावरचं चित्रसुद्धा सारखं. विक्रेत्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "साहेब, कुठल्याही यंत्रावर चालतं." दोन यंत्रांचे प्रोसेसर वेगळ्या घराण्यांतले, ऑपरेटिंग सिस्टीम वेगळ्या जातीची, आणि त्यांच्यात रोटीबेटी व्यवहार नाही, एवढी किरकोळ बाब तेवढी त्याच्या तोंडातून राहून गेली. मी गणपती काढला, दोन मोर काढले, मोरांच्या पिसाऱ्यात रंग भरले. कागदावर घ्यायला माझा प्रिंटर जागेवर नव्हता, दुरुस्तीसाठी नाशिकला विश्रांती घेत होता. म्हणून गुरुवारी सकाळी नुसती फ्लॉपी शर्टाच्या खिशात घालून एसटीत बसलो. पारोळ्यापर्यंत शेजारच्या बाईंच्या कोंबडीनं माझ्या खिशावर नजर ठेवली.

मामींनी दारातच विचारलं, "हाई काय शे?"

"पत्रिका."

"बठ्ठी?"

"सगळी, मोरांसकट."

त्या आत गेल्या, ताट घेऊन आल्या आणि पहिल्या पत्रिकेला लावतात तसं फ्लॉपीच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावून मोकळ्या झाल्या. मी रुमालानं पुसपुस पुसली. मामांनी झाकण काढलं, देवावरचं वस्त्र काढतात तसं. फ्लॉपी आत गेली. यंत्रानं घसा खाकरला आणि इंग्रजीत फार अदबीनं विचारलं: ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही, करू का?

मी पाणी प्यायला वळलो होतो. खानदेशी माणूस पाहुण्याला 'नको' म्हणत नाही. मामांनी 'हो' दाबलं.

"भाचेराव, करू का विचारत होतं. म्हटलं, कर बाबा!"

फ्लॉपी पुसून कोरी झाली. गणपती गेला. मोर गेले. जळगावच्या यंत्रात प्रत होती. पण आणली असती तरी या यंत्रानं तिच्याबद्दल पुन्हा तेच अदबीनं विचारलं असतं.

"तुमच्या कुंकवानं घात केला," मामा मामींवर ओरडले.

"कुंकू होतं म्हणून विचारलं तरी त्यानं," मामी म्हणाल्या. "आते ती जुनी मशीन चालू करा."

मामांनी बाह्या सरसावल्या. कपाटातून गणपतीचा जस्ताचा ठसा निघाला, खिळे जुळले, ट्रेडल मशीन खडखडलं. मी मोलाची मदत केली: बाजूला उभा राहिलो.

शुक्रवारी व्याही आले. मामींनी हळदकुंकू लावलेली पत्रिका पुढे केली. मामांचा चेहरा परीक्षेचा निकाल लागणार असल्यासारखा. व्याह्यांनी चष्मा चढवला, पत्रिका उजेडात तिरकी धरली आणि कागदात रुतलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"बघा, बघा! कशी बोटाला लागतात. हे कम्प्युटरशिवाय होत नसतं. सुरतवाल्याला जमलं नसतं."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग छाती भरून म्हणाले, "भाच्यानं खास जळगावहून आणलं, भाऊ."

मी विनयानं मान खाली घातली आणि दुसरा पेढा उचलला.