उत्तरेकडची कौलं

तोकुहेई-सान हात्सुए आजींशी खोटं बोलले, तेव्हा मी समोरच, माझ्या अंगणात मुळे वाळत घालत होते.

त्या वर्षी ते सदुसष्ट वर्षांचे होते. आमच्या खाडीतल्या बावीस घरांची शाकारणी चाळीस वर्षं त्यांच्याच हातची. नोव्हेंबर लागला की पन्हळीतला पाला उपसायचा, फुटकी कौलं बदलायची, समुद्राकडच्या खिडक्यांवर फळ्या ठोकायच्या आणि घरापुढचं बांबूंचं उंच कुंपण नव्या बांबूंनी भरून काढायचं. जपानमधल्या नोतोच्या या किनाऱ्यावर हिवाळ्यातला पाऊस वरून कमी आणि बाजूनेच जास्त येतो. एवढीशी फट मिळाली तरी तो आत शिरतो.

मागच्या वर्षी शेजारच्या खाडीत एका छपरावर त्यांचा पाय घसरला होता. पडले नाहीत, पन्हळीला लोंबकळत राहिले आणि मग हळूच खाली आले. हे त्यांनी तेव्हा कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही; आम्हाला ते पुढे कळलं.

हात्सुए आजी एकट्याच राहायच्या. त्या दिवशी तोकुहेई-सानांनी कुंपण सुरेख भरलं, फळ्या ठोकल्या, खालच्या पन्हळी लख्ख केल्या. मग शिडी उत्तरेच्या भिंतीला लावली आणि चढू लागले. सातव्या-आठव्या पायरीवर थांबले. दोन्ही हातांनी शिडी कवटाळून, गाल तिच्यावर टेकवून बराच वेळ तसेच राहिले. मग एकेक पायरी चाचपत उतरले.

आजी चहा घेऊन बाहेर आल्या. "वरचं कसं आहे हो?"

"बघितलं की! जागची हललेली नाहीत कौलं. निर्धास्त झोपा."

माझ्या हातातला मुळा हातातच राहिला. नंतर चढतील, अशी मी माझी समजूत घातली आणि पुढचा मुळा दोरीला बांधला.

डिसेंबरच्या मध्यावर ढग गडगडायला लागले. मासेमार खूश झाले. या गडगडाटाबरोबर बुरी मासा किनाऱ्याजवळ येतो. तीन दिवस पाऊस आडवा कोसळला. चौथ्या दिवशी आजींनी मला हाक मारली. त्यांच्या देव्हाऱ्यावर छतातून पाणी टपकत होतं. काळ्या लाखेचा, आतून सोन्याचा वर्ख लावलेला तो देव्हारा त्यांच्या सासऱ्यांच्या वेळचा. बुद्धाच्या मूर्तीमागचा वर्ख फुगून सुटला होता आणि वारलेल्या नवऱ्याच्या नावाची पाटी ओलीचिंब झाली होती.

मी म्हटलं, "आजी, कौलं सरकली असतील."

"छे गं! तोकुहेई-सान स्वतः बघून गेलेत. ते कसे चुकतील?" त्या बाहीने पाटी पुसत होत्या. "माझंच काहीतरी चुकलंय. हे रागावलेत माझ्यावर."

त्या दिवसापासून आजी रोज सकाळी देव्हाऱ्यापुढे बसून नवऱ्याची माफी मागू लागल्या. कधी सुनेशी भांडल्याबद्दल, कधी नवऱ्याच्या शेवटच्या आजारपणात एकदा त्यांच्यावर चिडल्याबद्दल. खाली ठेवलेल्या बादलीत थेंब पडत असायचे. तोकुहेई-सान कुंपणाची सैल दोरी आवळायला आले, तेव्हा आतून येणारं ते बोलणं त्यांनी ऐकलं. दोरी तशीच टाकून ते निघून गेले. त्यानंतर दुकानात जायचं असलं तरी समुद्राकडचा लांबचा रस्ता घ्यायचे, पण आजींच्या दारावरून जायचे नाहीत.

जानेवारीच्या अखेरीस देवळात वर्षाची प्रार्थना होती. प्रार्थनेनंतर सगळे जेवायला बसले. लाल घेवड्याची आमटी मीच वाढत होते. आजी पुजाऱ्यांना विचारत होत्या, "मेलेल्या माणसाचा राग किती दिवस राहतो हो?"

तोकुहेई-सानांनी वाटी खाली ठेवली. उठून आजींपुढे आले, गुडघे टेकले आणि कपाळ चटईला लावलं.

"मी वर चढलोच नव्हतो. मला भीती वाटली. नऊ पायऱ्यासुद्धा नाही चढलो. खोटं बोललो तुमच्याशी."



आजींनी त्यांच्या वाकलेल्या मानेकडे बघितलं. मग म्हणाल्या, "म्हणजे सव्वा महिना मी रोज त्या माणसाची माफी मागतेय, ती फुकटच?"

"हो."

"मग उद्यापासून तुम्ही येऊन मागा."

पळी धरून मी तिथेच उभी होते. मीही पाहिलं होतं, हे तेव्हा म्हणायला हवं होतं. खाली मान घालून मी पुढच्या वाटीत आमटी वाढली.

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडल्यावर तोकुहेई-सान शेजारच्या खाडीत शाकारणी करणाऱ्या किसाबुरोकडे गेले. याच्या कामाला चाळीस वर्षं त्यांनी नावं ठेवलेली.

किसाबुरो दारातच म्हणाला, "काय राव, छपराचा राजा आमच्या दारात? सिंहासन मोडलं की काय?"

"मला वर चढवत नाही आता. हात्सुए आजींची उत्तरेकडची कौलं बसवून द्याल?"

किसाबुरोने बूट चढवले.

तीन कौलं सरकली होती. किसाबुरो वर आणि तोकुहेई-सान खालून कौलं देताहेत, हे सगळ्या खाडीने पाहिलं. काम झाल्यावर तोकुहेई-सान आत जाऊन देव्हाऱ्यापुढे बसले. काय बोलले ते ठाऊक नाही. आजींनी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. वर्ख नव्याने लावून देतो म्हणाले, तेव्हा आजी एवढंच म्हणाल्या, "राहू दे तसाच."

पुढच्या नोव्हेंबरपासून ते बांबू, फळ्या आणि खालच्या पन्हळी तेवढ्या करू लागले. प्रत्येक घरी काम सुरू करण्याआधी स्वतःहून सांगायचे, "वर मी जात नाही. भीती वाटते. किसाबुरोला बोलवा." सांगताना दर वेळी त्यांचे कान लाल व्हायचे.

आजींच्या घरीही आले. आजी दारात उभ्या राहून किसाबुरोला विचारत होत्या, "नीट बघितलंत ना? हात लावून बघितलंत?" तोकुहेई-सान कुंपणाशी पाठमोरे बसून बांबू बांधत होते. त्यांनी मान वर केली नाही. दुपारी आजींनी दोन चहा आणले. एक किसाबुरोच्या हातात दिला. दुसरा तोकुहेई-सानांच्या शेजारी जमिनीवर ठेवला आणि आत गेल्या.

त्यांनी तो लगेच घेतला नाही. दोरीची गाठ पुरी केली, हात पँटला पुसले आणि मग दोन्ही हातांनी कप उचलला.