माएस्त्रा ओतिलियाची चिंचेची गोळी

मोरेलियातल्या आमच्या इंग्रजीच्या शाळेत दारातल्या टेबलावर मी बावीस वर्षं बसते आहे. किल्ल्या सांभाळते, हजेऱ्या सांभाळते, कोण कुणाकडे बघून हसतं तेही सांभाळते. इंग्रजी मला सगळं कळतं. बोलत मात्र नाही, आणि त्याला कारण ओतिलिया बारागान.

ही आमची सगळ्यात जुनी शिक्षिका. तोंडावर सगळे तिला माएस्त्रा, म्हणजे बाई, म्हणतात, पाठीमागे कात्री. कुणी इंग्रजीत चुकलं की हिने मधेच कच्‌कन कापलंच. मी नोकरीला लागले तेव्हा हिनेच मला बोलावून वर्गात बसवलं. तिसऱ्या दिवशी मी मोठ्या हौसेनं उभी राहिले. मला सांगायचं होतं की माझी आई साठ वर्षांची असून पाखरासारखी शीळ घालते. आता आमच्या स्पॅनिशमध्ये माणसाकडे वर्षं असतात, इंग्रजीत माणूस तेवढ्या वर्षांचा असतो. मी म्हणाले, "माझ्या आईकडे साठ वर्षं आहेत." झालं! आधी वर्षं दुरुस्त झाली, मग उच्चार, मग क्रियापद. शीळ राहिली ती राहिलीच. मी खाली बसले आणि पुन्हा कधी इंग्रजीत तोंड उघडलं नाही. राग? होता की. बावीस वर्षं तो जपला, रोज तिच्याबरोबर कॉफी पीत पीत.

गेल्या वर्षी आमचे संचालक दॉन एवारिस्तो यांनी एक नवी जागा काढली. नव्या शिक्षकांना, वर्गात कसं शिकवायचं, ते शिकवणाऱ्याची. ओतिलिया अकरा वर्षं अशीच जागा मागत होती. पण संचालक म्हणाले, या जागेला अनुभवी शिक्षकांसाठीचा तो वरचा डिप्लोमा लागतो, तुमच्याकडे नाही. डिसेंबरपर्यंत मिळवा, नाहीतर एकतीस वर्षांचा एक तरुण बाहेरून येतोय, त्याच्याकडे आहे. बाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चोपन्नाव्या वर्षी, सव्वीस वर्षं शिकवून झाल्यावर, हिने विद्यार्थिनी म्हणून नाव घातलं.

लेखी पेपर तिने हसत हसत सोडवले. गोची झाली ती धड्यांची. वर्गात शिकवायचं, त्याचं चित्रीकरण मार्गदर्शकांना पाठवायचं आणि शेवटच्या धड्याला परीक्षक स्वतः येऊन मागे बसणार. तो धडा गेला की सगळं गेलं. चित्रीकरणाचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं.

पहिल्या धड्याचा निकाल घेऊन ती माझ्या टेबलाशी आली. नापास. कागदावर लिहिलं होतं की साठ मिनिटांत तुम्ही विद्यार्थ्यांना सदतीस वेळा मधेच तोडलंत. व्याकरण उत्तम आहे, पण या तासात बोललं कोण?

"सदतीस? लिब्रादा, खरं सांग."

"मी एकोणचाळीस मोजले, माएस्त्रा."

"मग इतकी वर्षं मला सांगितलं का नाहीस?"

"सांगायला उभी राहिले होते एकदा," मी म्हणाले. "बसवलंत तुम्ही."

तिने कागद घडी करून पर्समध्ये टाकला. कॉफी अर्धी टाकून निघून गेली. मला वाटलं, जास्तच बोलले मी. आणि खरं सांगू, बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाई आली ती चिंचेच्या तिखट-आंबट गोळ्यांची पिशवी घेऊन. विद्यार्थी बोलायला लागला की ही एक गोळी तोंडात टाकायची आणि ती विरघळेपर्यंत ओठ मिटून ऐकायची. चुका हातातल्या कागदावर लिहायची, पण जीभ गोळीवर. सुरुवातीला हाल बघवत नव्हते. डोळ्यांत पाणी यायचं, गोळीनं की चुकांनी कोण जाणे. मी मनात म्हणायची, जित्याची खोड आहे, मेल्याशिवाय जायची नाही. पण तिसऱ्या धड्याला माझा आकडा चारावर आला. पोरांना वाटायचं, माएस्त्राला उतारवयात गोडाधोडाचं वेड लागलंय.

नोव्हेंबरात परीक्षक आल्या, मिसेस हॅलोरन, उंच, शांत, हातात पेन्सिल. परीक्षकांसमोर गोळी चघळणं शोभत नाही, म्हणून ओतिलियानं पिशवी माझ्याकडे दिली.

विषय होता घरातल्या माणसाबद्दल सांगणं. दोन-चार पोरं बोलली आणि मग मागच्या बाकावरून दॉन अबुंदियो उठले. हे आमचे चपला शिवणारे आजोबा. नात शिकागोत जन्मली, तिला स्पॅनिश येत नाही, म्हणून या वयात इंग्रजी शिकायला आलेले. आठ महिन्यांत हजेरीला "हजर" एवढंच बोललेले. तेच उठले म्हटल्यावर मी कॅमेरा त्यांच्याकडे वळवला.

"माझ्याकडे एकाहत्तर वर्षं आहेत," ते इंग्रजीत म्हणाले.

नेमकी तीच चूक. मी ओतिलियाकडे बघितलं. तिचे ओठ उघडले, मग मिटले. दॉन अबुंदियो थांबले. कापलं जाण्याची वाट बघत होते बिचारे. ओतिलियानं नुसती मान हलवून पुढे बोलण्याची खूण केली. आणि म्हातारा बोलायला लागला. नातीकडे पाच वर्षं आहेत. फोनवर ती त्यांना बघून हात हलवते आणि खेळायला पळते. त्यांनी तिच्यासाठी लाल चपला केल्या, पण त्या कशा केल्या हे त्यांना तिला सांगायचं आहे. चुकत, अडखळत, तीन मिनिटं. वर्गातलं कुणी हललं नाही. मग ओतिलियानं कागदावरच्या चुका नावं न घेता फळ्यावर लिहिल्या, आणि त्या पोरांनीच सुधारल्या. एक तर दॉन अबुंदियोंनी स्वतः.

धडा संपल्यावर मी सामान आवरायच्या निमित्तानं तिथेच रेंगाळले. परीक्षकबाईंनी विचारलं की वयाची चूक तर अगदी पहिल्या इयत्तेची, तुमच्या लक्षात आली नाही का?

"आली ना. एकूण अकरा होत्या, हा कागद बघा," ओतिलिया म्हणाली. "पण ते माझ्याशी बोलत नव्हते, नातीशी बोलत होते. चूक उद्याही सापडली असती. ते वाक्य उद्या आलं नसतं."

मिसेस हॅलोरन यांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं. चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळलं नाही.

पुढचे तीन आठवडे ओतिलिया रोज माझ्या टेबलाशी येऊन मेल उघडायला लावायची, आणि मी रोज म्हणायची, यायचा तेव्हा येईल. आला तो मंगळवारी सकाळी. पास! वर शेराही होता, ऐकण्याबद्दल. मी इतक्या जोरात टेबल बडवलं की संचालक बाहेर आले. त्यांनी मेल वाचला, दोनदा वाचला आणि म्हणाले, जानेवारीपासून जागा तुमची, माएस्त्रा. वर्गाच्या दारात उभ्या असलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी रडले, त्यात लाज कसली.

सगळे पांगले तरी ओतिलिया गेली नाही. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली.

"लिब्रादा, तुझ्या आईचं काहीतरी सांगायचं राहिलं होतं ना?"

म्हणजे हिच्या लक्षात होतं. निदान त्या अर्ध्या कॉफीपासून तरी.

"आई गेली, माएस्त्रा. चार वर्षं झाली."

"माहीत आहे. मी आले होते ना मातीला. तरी सांग. इंग्रजीत."

या वयात ही काय थट्टा? पण ती हसत नव्हती. मी उभी राहिले, तेव्हा राहिले होते तशीच.

"माझ्या आईकडे," मी इंग्रजीत म्हणाले, "अठ्ठ्याहत्तर वर्षं होती..."

चुकलं. मला कळलं. तिलाही कळलं. मी थांबले.

ओतिलियानं टेबलावरच्या पिशवीतून एक चिंचेची गोळी काढली आणि तोंडात टाकली.