शालिनीताईंचा नंबर

शालिनीताई सावंत यांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली, म्हणून मंडळाने मला लिहायला सांगितलं. थोडक्यात लिहितो. ताईंना फापटपसारा चालत नाही, मलाही नाही.

पहिली भेट माझी गिरणी बंद पडली तेव्हाची. बायकोच्या ऑपरेशनसाठी मी घाटकोपरला आपल्या गाववाल्यांच्या मंडळात अर्ज घेऊन गेलो. मंडळाचं काम ताईच बघायच्या. त्यांनी तो वाचलाच नाही. म्हणाल्या, घरी येते. आल्या, पाणी प्यायल्या, बायकोशी मालवणीत गप्पा मारून गेल्या. चौथ्या दिवशी मदत मिळाली. आजही त्या अशाच घरोघरी जातात, एकेक जिना धरून धरून चढत.

पुढे मंडळाने नियम केला, की वर्षाला एकाच मोठ्या ऑपरेशनचा खर्च द्यायचा, तोही नंबराप्रमाणे आणि पन्नाशीच्या वरच्यांना. तीन वर्षांमागे ताईंच्याच गुडघ्यांचा नंबर लागला. त्याच महिन्यात घाड्यांच्या प्राचीचा पाय मोडला. वय चोवीस, कुरियरच्या गोडाऊनमध्ये कंत्राटावर. रजा नाही, विमा नाही. ताईंनी सभेत मांडलं, मदत तरुणांनाही द्या.

विरोधाला मीच उठलो. म्हटलं, तरण्या पोरांना कशाला मंडळाचा टेकू? आम्हा म्हाताऱ्यांचे नंबर मागे जातील. माझा हर्नियाचा नंबर पुढच्याच वर्षी होता, हे खरं कारण.

ताई म्हणाल्या, "महादेव, बरोबर बोललास. खर्च वाढणार, कुणीतरी मागे जाणार. पहिली मी जाते."

आणि नंबरांच्या वहीत स्वतःचं नाव खोडून प्राचीचं लिहिलं. पुढारी मी खूप बघितले. स्वतःपासून सुरुवात करणारं माणूस तेवढं एकच बघितलं.

तरुणांचीही नावं आली, नंबर सरकले, माझा हर्निया वर्षभर लांबला. मी कुरकुरलो, चारचौघांत वाईट बोललो. ताई घरी आल्या, पोटाला बांधायचा पट्टा दिला, म्हणाल्या, "शिव्या मला घाल, पोरीला नको." मी पट्टा बांधला.

माझं ऑपरेशन झालं. प्राची चालते, मंडळाची वहीही आता तीच बघते. ताईंचा नंबर मात्र दरवर्षी येतो आणि दरवर्षी त्या दुसऱ्या कुणाला पुढे सारतात. यंदा प्राचीने ताईंचा फॉर्म स्वतः भरलाय. फक्त सही बाकी आहे.

ताई, शंभर वर्षं जगा, पण धड गुडघ्यांनी. सत्काराला मी पेन घेऊन येतोय. आधी सही, मग शाल.